हाताने शिवलेली पुठ्ठाबांधणीची वही: घरी करण्याची सविस्तर पद्धत

वही मधोमध उघडून टेबलावर ठेवली आणि हात काढून घेतला, तरी ती उघडीच राहिली पाहिजे, ही चांगल्या बांधणीची माझी पहिली कसोटी आहे. बाजारातल्या बऱ्याच जाड वह्यांची सुटी पाने नुसत्या गोंदाने कण्याला, म्हणजे वहीच्या पाठीला, चिकटवलेली असतात. अशी वही सपाट उघडायला गेले की कणा तडकतो आणि काही दिवसांनी मधली पाने हातात येतात. शिवलेल्या वहीत मात्र प्रत्येक पान आपल्या घडीत दोऱ्याने धरलेले असते आणि गोंदाकडे केवळ आधार देण्याचे काम उरते. पुढे दिलेली वही साधारण १४८ बाय २१० मिलिमीटरची, ६४ पानांची म्हणजे १२८ पृष्ठांची आहे. प्रत्यक्ष हाताचे काम सहा-सात तासांचे असले, तरी मधल्या वाळवण्याला आणि दाबून ठेवण्याला तीन-चार दिवस द्यावेच लागतात. हे दिवस वाचवू पाहणाऱ्याची वही वाकते.

कागद आणि त्याची ग्रेन

कागदाच्या यंत्रात लगदा पुढे धावणाऱ्या जाळीवर पडतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू धावण्याच्या दिशेने झोपतात. या दिशेला बांधणीवाले ग्रेन म्हणतात. ओलावा लागला की तंतू जाडीला फुगतो आणि लांबीला जवळजवळ तसाच राहतो, म्हणून कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने वाढतो आणि वाळताना त्याच दिशेने आक्रसतो. यावरून बांधणीतला सर्वांत महत्त्वाचा नियम येतो: वहीची पाने, अस्तराचे (पुठ्ठ्याला आतून चिकटवायचे) कागद, पुठ्ठा आणि कण्यावरची पट्टी या सर्वांची ग्रेन कण्याला समांतर असली पाहिजे. तशी असेल तर पाने सहज उलटतात, घडी तुटत नाही आणि ओलाव्याने होणारी वाढ बाहेरच्या मोकळ्या कडेकडे जाते. ग्रेन आडवी असेल तर कण्याशी जखडलेल्या कागदाला वाढायला जागा मिळत नाही आणि कण्यालगत लाटा उठतात.

ग्रेन ओळखायला उपकरण लागत नाही. कागद न मोडता आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने हलकेच दुमडून तळहाताने दाबावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, त्या घडीला ग्रेन समांतर असते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या एका वयस्क बांधणीकारांकडे मी याहून जलद रीत पाहिली. ते कागदाची कड अंगठ्याच्या नखात आणि बोटात धरून सर्रकन ओढत, मग शेजारची कड तशीच ओढत. एक कड जवळजवळ सरळ राही आणि दुसरीवर झालरीसारख्या बारीक लाटा येत. सरळ राहिलेली कड ग्रेनला समांतर. पुठ्ठ्याला नख चालत नाही. तो दोन्ही हातांत धरून दोन्ही बाजूंनी किंचित वाकवून पाहावा.

हे मी इतक्या आग्रहाने लिहीत आहे, कारण माझ्या पहिल्या वहीत कागद बरोबर होता आणि पुठ्ठे मात्र उरलेल्या तुकड्यातून जसे बसले तसे कापलेले होते. जुलै महिना होता. आठवड्याभरात त्या वहीच्या पुठ्ठ्यांना कौलासारखा बाक आला आणि वजनाखाली महिनाभर ठेवूनही तो गेला नाही.

दुकानातल्या ए-फोर कागदाची ग्रेन बहुधा लांब बाजूला समांतर असते. तो मधोमध दुमडला तर घडी ग्रेनला आडवी पडते, म्हणजे नेमके नको ते होते. म्हणून लांब ग्रेनचे ए-थ्री कागद घ्यावेत आणि प्रत्येकाचे मधोमध दोन तुकडे करावेत. आकार ए-फोरचाच मिळतो, पण ग्रेन आता आखूड बाजूला समांतर असते आणि तो दुमडल्यावर घडीला समांतर येते. आपल्याला असे ३२ तुकडे हवेत, म्हणजे १६ ए-थ्री कागद. दोन-तीन जास्त घ्यावेत. मोठ्या तावातून कापून घेत असाल, तर कापणाऱ्याला आकाराबरोबर ग्रेनही सांगावी, नाहीतर तो कमीत कमी कागद वाया जाईल अशा बेताने कापतो.

शाईच्या पेनाने लिहिणाऱ्यांनी ९० ते १०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो किंवा लेजर कागद घ्यावा. फिकट पिवळसर छटेचा मिळाला तर डोळ्यांना बरा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास असे कागद मिळतात. एकच ताव आधी घरी आणून त्यावर आपल्या रोजच्या पेनाने चार ओळी लिहाव्यात आणि शाई पसरते का, मागे उमटते का, हे पाहूनच बाकीचे घ्यावेत. हातकागदाची ओढ असेल तर शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासून हेच काम करते आहे. पुण्याच्या परिसराला हातकागद नवा नाही; कसब्यात कागदीपुरा, म्हणजे कागद करणाऱ्यांची वस्ती, होता आणि जुन्नरी कागद मराठेशाहीच्या दप्तरांत वापरला जात होता. चिंध्यांपासून केलेल्या अशा कागदाचे तंतू लांब असतात, म्हणून त्यावरची जुनी मोडी पत्रे आजही घडी सोसतात. हाताने उचललेल्या कागदात तंतू सर्व दिशांना पडतात, त्यामुळे ग्रेनची चिंताही फारशी राहत नाही. तो जाड असल्याने एकात एक घालून शिवायच्या एका संचात चारऐवजी तीनच ताव घ्यावेत. अस्तरासाठी तर हातकागदासारखा दुसरा कागद नाही.

बाकीचे साहित्य

पुठ्ठा २ मिलिमीटर जाडीचा, घट्ट, करड्या रंगाचा घ्यावा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा चालत नाही. दोरा गोधडीचा सुती चालतो, मात्र दोन्ही हातांनी ताणून तो सहज तुटत नाही याची खात्री करावी. शिवण्यापूर्वी तो मधमाशांच्या मेणाच्या वडीवर अंगठ्याने दाबून दोन-तीनदा ओढावा. मेण पुरेसे लागले की दोरा बोटांना किंचित चिकटतो, त्याचे सुटलेले धागे बसतात आणि गाठ सरकत नाही. याशिवाय १२ मिलिमीटर रुंदीची चपटी सुती फीत, बोथट टोकाची सुई, बारीक टोच्या, नव्या पात्याचा कटर, पोलादी पट्टी, गुण्या, मांजरपाटाचा तुकडा, मेणकागद आणि पांढरा गोंद लागतो. गुण्या, टोच्या आणि दाब देण्याचे शिकंजे बोहरी आळीत मिळतील. शिकंजे नसतील तर प्लायवूडचे दोन सपाट तुकडे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा पुरतात.

नुसता पांढरा गोंद एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या हवेत कापड सरळ करण्याआधीच धरतो, म्हणून त्यात निम्मी मैद्याची खळ मिसळावी. एक वाटी मैदा आधी थोड्या थंड पाण्यात गुठळी न राहू देता कालवावा, मग एकूण पाच वाट्या पाणी होईल इतके घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावा. पांढरा रंग जाऊन खळ अर्धपारदर्शक झाली की उतरवून गाळून घ्यावी. या वहीला एवढी लागणार नाही. पाव वाटी मैद्याची खळ पुष्कळ होते आणि ती फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, पण तो विषारी असल्याने स्वयंपाकघरात करायच्या खळीत मुळीच घालू नये. तुरटीही नको, कारण तिच्या आम्लाने कागद कालांतराने ठिसूळ होतो.

घड्या, जुज आणि भोके

एकात एक घातलेल्या दुमडलेल्या तावांच्या संचाला जुज म्हणतात. आपल्या वहीत चार तावांचा एक, असे आठ जुज आहेत. प्रत्येक ताव वेगळा दुमडावा, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी आधी मध्यभागी दाबावी आणि मग दोन्ही टोकांकडे न्यावी. घडीवर स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवावी, पण मध्ये साधा कागद ठेवून, नाहीतर घडीवर चकाकी येते. चार ताव एकात एक घालून आठही जुज रात्रभर वजनाखाली ठेवावेत. दाबलेला जुज सकाळी हातात घेतला की फरक कळतो: आदल्या दिवशी फुगलेली घडी आता पोळीसारखी सपाट पडलेली असते.

भोकांसाठी २१० मिलिमीटर लांबीची कागदी पट्टी करून तिच्यावर वरच्या टोकापासून १५, ६०, ७२, १३८, १५० आणि १९५ मिलिमीटरवर खुणा कराव्यात. टोकाच्या दोन खुणा गाठीच्या टाक्यासाठी आहेत, मधल्या दोन जोड्या फितींसाठी. पट्टीच्या वरच्या टोकाला ठळक बाण काढावा आणि प्रत्येक जुजाच्या वरच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने अनुक्रमांक घालावा, म्हणजे एखादा जुज उलटा शिवला जाणार नाही. जाड मासिक मधोमध उघडून त्याच्या खळग्यात जुज ठेवावा, पट्टी घडीच्या आत बसवावी आणि टोच्या घडीच्या नेमक्या रेषेतून बाहेर काढावा. भोक सुई जाईल एवढेच असावे.

शिवण

फितीचे १० सेंटिमीटर लांबीचे दोन तुकडे घ्यावेत. टेबलाच्या कडेला पहिला जुज घडी आपल्याकडे करून ठेवावा आणि फिती भोकांच्या जोड्यांच्या मध्ये उभ्या येतील अशा बेताने त्यांची खालची टोके टेबलाच्या कडेखाली चिकटपट्टीने पक्की करावीत. एकूण दोन मीटर दोरा लागतो. एवढा लांब दोरा सारखा अडकतो, म्हणून एक मीटर घेऊन संपेल तिथे नवा जोडावा. जोडाची गाठ जुजाच्या आत यावी, कण्यावर नको.

सुई पहिल्या जुजात १५ च्या भोकातून बाहेरून आत घालावी आणि आठ सेंटिमीटर शेपूट बाहेर सोडावे. आतून ६० कडे येऊन बाहेर पडावे, फितीवरून ओलांडून ७२ मधून आत शिरावे, आतून १३८ कडे जाऊन बाहेर यावे, दुसऱ्या फितीवरून जाऊन १५० मधून आत आणि शेवटी १९५ मधून बाहेर. दोरा ताणताना तो नेहमी कण्याला समांतर, जायच्या दिशेनेच ओढावा. मागे किंवा वर ओढला तर घडीतला कागद चिरतो, आणि तो ताव पुन्हा पहिल्यापासून करण्याखेरीज उपाय नसतो.

आता दुसरा जुज पहिल्यावर ठेवून त्याच्या १९५ च्या भोकातून आत शिरावे आणि तीच वाट उलट्या दिशेने चालत १५ मधून बाहेर यावे. दोरा ताठ आहे पण कागद आक्रसलेला नाही, हे पाहून पहिल्या शेपटाशी दुहेरी गाठ मारावी. तिसरा जुज १५ पासून १९५ पर्यंत शिवून बाहेर आल्यावर गाठीचा टाका येतो. त्या टोकाला पहिला आणि दुसरा जुज जोडणारा दोऱ्याचा लहान दुवा दिसतो. सुई त्या दुव्यामागून घालावी, जो फास तयार होईल त्यातून वर काढावी आणि दोरा हळूच वर ओढून गाठ बसवावी. मग चौथ्या जुजाच्या १९५ मधून आत जावे. यापुढे प्रत्येक जुजाच्या शेवटी हाच टाका, दर वेळी खालच्या दोन जुजांच्या दुव्यात. आठवा जुज १५ च्या टोकाला संपतो. तिथे टाका दोनदा घालून दोरा सेंटिमीटरभर ठेवून कापावा.

शिवताना हात सगळीकडे सारखा पडला पाहिजे. सुरुवातीचे जुज घट्ट आणि शेवटचे सैल, अशी चूक नव्या हाताकडून फार होते, कारण शेवटी शेवटी घाई होते. दर दोन जुजांनंतर गठ्ठा तळहाताने दाबून कणा बाजूने पाहावा. तो उभा, सरळ भिंतीसारखा दिसायला हवा. एकीकडे झुकत असेल तर तेवढे दोन जुज उसवून पुन्हा शिवावेत. पुढे गोंदाने ते झाकता येत नाही.

कण्याचे काम

अस्तरासाठी दोन ताव, पानांइतकेच मधोमध दुमडलेले, घडीलगत ३ मिलिमीटर गोंद लावून पहिल्या आणि शेवटच्या जुजाला चिकटवावेत. गठ्ठा कण्यावर आणि डोक्यावर, म्हणजे वरच्या कडेवर, ठोकून सरळ करावा आणि दोन प्लायवूडच्या तुकड्यांमध्ये कणा दोन मिलिमीटर बाहेर राहील असा दाबावा. कण्यावर गोंदाचा पातळ हात देऊन ब्रशने तो जुजांच्या फटींत मुरवावा. थर साचू देऊ नये. तासाभराने त्यावर १८० मिलिमीटर उंचीचा आणि ६ सेंटिमीटर रुंदीचा मांजरपाट चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजूंना सुमारे अडीच सेंटिमीटर पंख सुटतात. पुठ्ठ्याला वही धरून ठेवण्याचे खरे काम हे पंख आणि फितींची टोके करतात, त्यामुळे फिती ३ सेंटिमीटर ठेवूनच कापाव्यात. खूण म्हणून रेशमी फीत हवी असल्यास ३२ सेंटिमीटरचा तुकडा कण्याच्या वरच्या टोकाला आताच चिकटवावा. शेवटी कण्याच्या मापाची खाकी कागदाची पट्टी लावून सगळे वाळू द्यावे.

पानांच्या कडा एकसारख्या हव्या असतील तर याच टप्प्यावर बाइंडरकडे नेऊन कटिंग मशीनवर छाटून घ्याव्यात. न छाटलेली, किंचित वरखाली कड मला स्वतःला अधिक आवडते.

कव्हर

मापे आता, हातातला गठ्ठा मोजूनच घ्यावीत. गठ्ठा १४८ बाय २१० आणि हलक्या दाबाखाली ११ मिलिमीटर जाड भरला असे धरू. पुठ्ठ्याची उंची वर-खाली तीन-तीन मिलिमीटर धरून २१६, रुंदी १४५. कण्याच्या पट्टीची रुंदी गठ्ठ्याची जाडी अधिक दोन पुठ्ठ्यांची जाडी, म्हणजे १५. पट्टी आणि पुठ्ठ्यांमध्ये दोन्हीकडे ८ मिलिमीटरची खाच सोडावी, कारण वही याच खाचेत उघडते. एकूण १४५, ८, १५, ८ आणि १४५ मिळून ३२१ मिलिमीटर. चारही बाजूंना २० मिलिमीटर दुमडायला धरले की कापड ३६१ बाय २५६ मिलिमीटर लागते. जाड कापडाला खाचेत एखादा मिलिमीटर जास्त लागू शकतो, म्हणून पुठ्ठे चिकटपट्टीने कागदावर तात्पुरते जोडून वहीभोवती एकदा गुंडाळून पाहावेत.

तयार बाइंडिंग क्लॉथ सोपे पडते, पण जुन्या सुती नऊवारीचा किंवा खणाचा तुकडा वापरायचा असेल तर त्याला आधी मागून कागद लावावा लागतो, नाहीतर गोंद आरपार येऊन डाग पडतात. कापड धुऊन, रंग जात नाही हे पाहून, स्वयंपाकाच्या स्वच्छ ग्रॅनाइटच्या ओट्यावर उलटे पसरावे आणि पाण्याचा हात फिरवून त्याचे धागे उभे-आडवे सरळ करावेत. पतंगाच्या पांढऱ्या कागदाला पातळ खळ लावून तो कापडावर मध्यापासून बाहेर ब्रशने बसवावा. ओट्यावरच पूर्ण वाळले की कापड कडक कागदासारखे सुटून येते आणि मग मापाने कापले तरी धागे निघत नाहीत.

कापडाच्या मागे सर्व रेषा पेन्सिलीने आखाव्यात. गोंद पुठ्ठ्याला लावावा, कापडाला नव्हे, आणि पुठ्ठे व कण्याची पट्टी रेषांवर ठेवून उलटून कापड तळहाताने गुळगुळीत करावे. कोपरे ४५ अंशांत छाटताना पुठ्ठ्याच्या टोकापासून ३ मिलिमीटर कापड ठेवावे. याहून कमी ठेवले तर कोपऱ्यावर पुठ्ठा उघडा पडतो. आधी वरच्या आणि खालच्या कडा दुमडाव्यात, कोपऱ्यावर उरलेले कापड नखाने आत दाबावे, मग बाजूच्या कडा. कव्हर वजनाखाली रात्रभर वाळवावे.

वही कव्हरमध्ये बसवणे

हा टप्पा पाच मिनिटांचा असतो आणि आधीचे सर्व काम त्यावर अवलंबून असते. गोंद न लावता एकदा सराव करावा. गठ्ठा कव्हरमध्ये कण्याला टेकवून तिन्ही बाजूंना पुठ्ठा सारखा बाहेर येतो का पाहावे. मग वरच्या अस्तराच्या दोन पानांमध्ये रद्दी कागद घालावा, मांजरपाटाचे पंख आणि फिती अस्तरावर चिकटवाव्यात आणि सबंध पानाला मध्यापासून कडांकडे गोंद-खळीचा पातळ, सलग थर द्यावा. रद्दी कागद काढून, त्या जागी मेणकागद घालून, पुठ्ठा सरळ खाली आणून दाबावा. ठीक बसले का हे पाहण्यासाठी पुठ्ठा लगेच पूर्ण उघडण्याचा मोह होतो. तसे केले तर ओले अस्तर खाचेत ताणले जाऊन फाटते. दोन बोटांएवढे उघडून पाहणे पुरेसे आहे. वही उलटून दुसरी बाजूही अशीच करावी.

दोन्ही खाचांत स्वेटर विणायच्या सुया बसवून दोन्ही टोकांना रबरबँड लावावेत आणि वही सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली ठेवावी. ओले अस्तर वाळताना आक्रसते आणि पुठ्ठ्याला आत ओढते. बाहेरून कापड त्याला बाहेर ओढत असते. या दोन ओढी सारख्या झाल्या की पुठ्ठा सपाट राहतो, आणि त्या सारख्या होईपर्यंत वजन काढायचे नसते. उन्हाळ्यात याला चोवीस तास पुरतात. पुण्यात जून ते सप्टेंबर मात्र तीन दिवस धरावेत, पहिल्या दिवशी दर दोन-तीन तासांनी मेणकागद काढून अस्तराच्या घडीत कोरडा टीपकागद घालावा आणि वही बाहेरच्या भिंतीलगत ठेवू नये, नाहीतर अस्तरावर बुरशीचे करडे ठिपके येतात.

वाळलेली वही पहिल्यांदा उघडतानाही क्रम आहे. कणा टेबलावर टेकवून दोन्ही पुठ्ठे हळूच खाली सोडावेत आणि पाने हातात उभी धरावीत. मग पुढून चार-पाच पाने खाली घेऊन घडीलगत बोट फिरवावे, मागून तेवढीच, पुन्हा पुढून, असे करत मध्यावर यावे. चौथ्या आणि पाचव्या जुजाच्या मध्ये उघडल्यावर कण्यात कुठे करकर ऐकू आली तर तिथे गोंदाचा थर जाड राहिला आहे, आणि पुढच्या वहीत ब्रश तिथे अधिक घासायचा आहे.